‘तासाभरात मोकळी’ या दाव्याबद्दल

‘सरकारी दवाखान्यात कळा सुरू झालेल्या बाईला रात्रभर नुसती निजवून ठेवतात, चार-चार तास कोणी तपासत नाही, कळांचे इंजेक्शन दिले तर ती तासाभरात मोकळी होईल, खासगीत होतेच की’, असा मजकूर सध्या मराठवाड्यातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. गेल्या पावसाळ्यात पहिलटकरीण भावजयीसाठी एका सरकारी रुग्णालयाच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून आम्ही संध्याकाळी सातपासून पहाटेपर्यंत बसलो होतो, तेव्हा माझ्याही तोंडी हेच शब्द होते.

आधी ‘रात्रभर’ या शब्दाविषयी. नऊच्या सुमारास सिस्टरांनी दारातून दोन बोटे दाखवली आणि दार लावून घेतले. ‘दोन बोटं म्हंजे अजून किती टाइम?’ या आईच्या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते. दोन बोटे म्हणजे पिशवीचे तोंड साधारण तीन-चार सेंटिमीटर उघडलेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशींनुसार खरी जोरकस अवस्था पाच सेंटिमीटरनंतर धरायची आणि पहिलटकरणीला तिथून पुढे बारा तासांपर्यंत लागू शकतात. त्याआधीच्या कळा किती वेळ चालाव्यात याला तर ठरलेले प्रमाणच नाही. दर तासाला एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे हा जुना हिशेबही, तेवढ्याच कारणावरून घाई करू नये म्हणून, त्याच शिफारशींनी बाजूला ठेवला.

‘चार तास तपासत नाहीत’ यात दोन तपासण्यांची गल्लत आहे. आतली तपासणी चार तासांच्या अंतराने करावी असाच संकेत आहे, कारण प्रत्येक तपासणीबरोबर जंतू आत जाण्याचा धोका असतो. बाळाचे ठोके मात्र जोरकस अवस्थेत दर पंधरा ते तीस मिनिटांनी आणि बाळ बाहेर येण्याच्या वेळी दर पाच मिनिटांनी ऐकायचे असतात. ते ऐकले जात नसतील तर तक्रार जरूर करावी.

सर्वांत घातक भाग इंजेक्शनचा आहे. ऑक्सिटोसिन, म्हणजे कळा वाढवणारे हे औषध, गरज पडल्यास सलाइनमधून थेंब मोजून देतात. कळा प्रमाणाबाहेर वाढल्या की थेंब थांबवता येतात. तेच औषध गावातल्या कोणी दंडात टोचले तर परत घेता येत नाही. दोन कळांमध्ये विसावा उरला नाही की बाळाला प्राणवायू कमी पडतो, आणि आधी सिझर झालेल्या बाईची पिशवी फाटूही शकते. बाळ झाल्यावर रक्तस्राव रोखण्यासाठी याच औषधाचे दहा युनिट देतात. ‘इंजेक्शन दिले आणि सुटली’ असे सांगणाऱ्यांपैकी काहींनी बहुधा हेच पाहिलेले असते.

खासगीतल्या वेगाबद्दल एवढेच, की 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या खासगी रुग्णालयांमधील 47.4 टक्के प्रसूती सिझरने झाल्या, सरकारी रुग्णालयांत 14.3 टक्के. त्यातली प्रत्येक अनावश्यक होती असे मी म्हणणार नाही, पण तासाभराचा हिशेब या आकड्यांशिवाय मांडू नये.

मजकुरात नसलेली एक तक्रार मात्र खरी आहे: बाहेरच्यांना कोणी काही सांगत नाही. प्रसूतीच्या वेळी बाईजवळ घरची एक सोबतीण असावी, ही सरकारी प्रसूतिगृहे सुधारण्यासाठीच्या, 2017 पासूनच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमाचीच अपेक्षा आहे. आमच्या आत्याला आत घेतले ते पहाटे चारला, तेही तिने तिसऱ्यांदा दार वाजवल्यावर. साडेपाचला मुलगी झाल्याचे सांगायला ती बाहेर आली, तेव्हा म्हणाली की सिस्टर पोटावर यंत्र लावून ठोके ऐकायच्या आणि कागदावर लिहायच्या. त्या कागदावर रात्री दहापासूनचे आकडे होते.