आक्का, तो मेसेज पुढं पाठवू नकोस

परवा रात्री साडेदहाला आक्कानं घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. वर स्वतःचे चार शब्द : "लै भयंकर आहे हे, सगळ्यांनी वाचा." आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. पंचवीस वर्षं अंगणवाडी सांभाळली. गल्लीतल्या कोणत्या लेकराला कधी गोवर आला ते तिला अजून तोंडपाठ आहे. हाच मेसेज त्याआधी मला पाच-सहा ठिकाणांहून आला होता आणि मी तो दरवेळी गिळला होता. आक्काकडून आला तेव्हा घशात अडकला.

मेसेज थोडक्यात असा : "जागे व्हा! भारतात १८ वर्षांखालच्या गुन्हेगाराला शिक्षाच नाही. खून करा, बलात्कार करा, ३ वर्षांत बाहेर. निबंध लिहा आणि घरी जा. वर सरकार शिलाई मशीन आणि १० हजार रुपये देतं. जन्मतारीख खोटी दाखवून सगळे सुटतात. देशातले निम्मे गुन्हे आज पोरंच करतात. ही विदेशी फॅडं बंद करा, पोरांना थेट मोठ्या कोर्टात उभं करा. तोवर गावातच हिशेब करा आणि फोटो प्रत्येक ग्रुपवर फिरवा." शेवटी हात जोडलेले सहा इमोजी.

मी वकील नाही. तालुक्याच्या गावी माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. पण २०१५ चा बाल न्याय कायदा मी प्रिंट काढून, स्पायरल मारून गल्ल्याशेजारी ठेवलाय. एका पोरापायी तो वाचायची वेळ आली. त्या पोराचं पुढं सांगतो, आधी मेसेजचं बघू.

"शिक्षाच नाही, ३ वर्षांत बाहेर." यातलं अर्धं खरं आहे, हे कबूल करायला जिवावर येतं. सोळाच्या आतल्या मुलाला, गुन्हा कसाही असो, विशेष गृहात जास्तीत जास्त ३ वर्षं ठेवता येतं. पण सोळा ते अठरा वयाच्या मुलानं क्रूर गुन्हा केला असेल, म्हणजे ज्याला किमान शिक्षाच ७ वर्षं किंवा जास्त आहे असा, तर कलम १५ प्रमाणे बाल न्याय मंडळ आधी त्याची पारख करतं. करतोय ते त्याला कळत होतं का, परिणामांची जाण होती का, परिस्थिती काय होती. मंडळाला वाटलं तर प्रकरण बाल न्यायालयाकडं जातं. बाल न्यायालय म्हणजे सत्र न्यायालयाच्या पातळीचं कोर्ट. तिथं मोठ्यांसारखा खटला चालू शकतो, २१ वर्षांपर्यंत मुलाला सुरक्षित जागी ठेवतात आणि सुधारला नाही तर उरलेली शिक्षा जेलात. फाशी नाही आणि सुटकेची आशाच नाही अशी जन्मठेप नाही, एवढीच सवलत. म्हणजे "थेट मोठ्या कोर्टात उभं करा" ही मागणी ज्या गुन्ह्यांसाठी आहे, त्यांची सोय कायद्यात आधीच आहे. मेसेजवाला ज्या दिल्लीच्या निर्भया प्रकरणावर पोट भरतो, त्या २०१२ च्या प्रकरणातला मुलगा डिसेंबर २०१५ मध्ये सुटला तो २००० सालच्या जुन्या कायद्याखाली. त्याच प्रकरणानंतर कायदा बदलला आणि १५ जानेवारी २०१६ पासून नवा लागू झाला. मेसेज अजून जुन्याच कॅलेंडरवर आहे.

शिलाई मशीनचं मूळही तिथंच. त्या एका मुलाच्या सुटकेच्या वेळी दिल्ली सरकार त्याला मशीन आणि दहा हजारांची एकवेळची मदत देणार, अशी बातमी आली होती. राज्य वेगळं, माणूस एक, साल २०१५. त्यावरून "सरकार देतं". माझ्या दुकानात रोज कुणी ना कुणी सरकारी योजनेतल्या शिलाई मशीनचा फॉर्म भरायला येतं. कागद पुरवता पुरवता बाया दमतात. गुन्हा केला की मशीन घरपोच येत असती तर मला कळलं नसतं का?

निबंधाचं पुण्यातलं. १९ मे २०२४ ची पहाट, कल्याणीनगर, भरधाव पोर्शे, दोन तरुण जीव गेले आणि सतरा वर्षांच्या पोराला काही तासांत जामीन, अटींत ३०० शब्दांचा निबंध. तेव्हा मलाही संताप आला होता, आजही येतो. पण जामीन म्हणजे शिक्षा नव्हे. आणि त्या प्रकरणात गजाआड कोण कोण गेलं ते आठवा : रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टर आणि पोराचे आईबाप. जामिनाच्या गोंधळावरून मंडळाच्या दोन सदस्यांना त्याच वर्षी सरकारनं घरी पाठवलं. सगळी मोठी माणसं. त्यांचा राग बाकी सगळ्या पोरांवर काढायचा, हा कुठला न्याय?

"निम्मे गुन्हे." राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात ५८ लाखांवर गुन्हे नोंदले गेलेत. त्यात अठराखालच्या मुलांवर नोंदलेले ३०,५५५. हजारात पाच. आदल्या वर्षी ३१,१७० होते. आपल्या राज्याचा आकडा देशात वरच्या रांगेत असतो, हे खरं आहे आणि बरं नाही. पण निम्मे म्हणजे हजारात पाचशे. एवढं गणित आक्काच्या अंगणवाडीतल्या पोरांनाही जमेल.

विदेशी फॅडाबद्दल एकच. पहिलं बालन्यायालय १८९९ साली शिकागोत निघालं, हे खरं. पण मुंबई इलाख्यात मुलांचा वेगळा कायदा १९२४ सालचा आहे. तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो म्हणून आपल्या आज्या-पणज्यांना त्याचा पत्ता नसेल, तेवढं माफ.

जन्मतारखेचं मात्र मी जास्त बोलणार, कारण तो माझ्या धंद्यातला विषय. आपल्याकडं एका पिढीचा वाढदिवस १ जूनला असतो. लेकरू उसाच्या फडावर नाहीतर घरातच जन्मलेलं, नोंद केलेली नाही. शाळेत नेलं की गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावायचे, कान हाताला लागला की सहा वर्षांचं, लिहा १ जून. माझ्या दुकानात एका दिवशी निर्गम उताऱ्याच्या नऊ प्रती निघाल्या, त्यात सहा १ जूनच्या. कलम ९४ प्रमाणे वय ठरवताना आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र बघतात, ते नसेल तर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्माचा दाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. त्यामुळं तारखेत खोट असू शकते, नाही म्हणत नाही. पण ती खोट दोन्ही बाजूंनी चावते. शाळेत लवकर घालायचं म्हणून वय वाढवून लिहिलेलं पोरगं कागदावर अठराचं होतं आणि मोठ्यांच्या जेलात जातं. ते कुणी फॉरवर्ड करत नाही.

आता शेवटची ओळ. "गावातच हिशेब करा आणि फोटो फिरवा." बाकीचा मेसेज अडाणी आहे, ही ओळ मात्र विषारी आहे.

दिवाळीनंतर आमच्या भागातल्या एका वस्तीवर विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली. नाव, गाव सांगणार नाही, ओळख पटेल असे दोन-चार तपशीलही बदललेत. का ते खाली कळेल. केबल म्हणजे आतलं तांबं. एक टेम्पोवाला आणि त्याचे दोन जोडीदार, आणि बॅटरी धरायला पाचशे रुपयांवर आणलेलं सतरा वर्षांचं पोरगं. लोक धावले तेव्हा टेम्पो निघून गेला, बॅटरीवाला सापडला. आई-बाप मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले, पोरगं आजीपाशी. पहाटे पाचला भरतीसाठी डांबरी रस्त्यावर पळणाऱ्या पोरांत हेही असायचं.

तो फोटो मी पाहिलाय. मारुतीच्या पारावर बसवलेलं, एका पायात चप्पल, हात त्याच केबलनं बांधलेले. खाली पूर्ण नाव, बापाचं नाव, वस्तीचं नाव, "केबल चोर". दुपारपर्यंत तो चार तालुक्यांत गेला असेल. फडावर बापानं तो पोलिसांच्या फोनआधी पाहिला, दुसऱ्याच्या मोबाइलवर.

कलम ७४ सांगतं की अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असं काहीही, वर्तमानपत्रापासून संवादाच्या इतर साधनांपर्यंत कुठंही उघड करायचं नाही. केलं तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. या शब्दांत व्हॉट्सअ‍ॅप बसत नाही असं ज्याला वाटतं, त्यानं आधी वकिलाला विचारावं आणि मग बोट दाबावं. कलम २४ त्याहून पुढं जातं : या कायद्याखाली निकाल लागलेल्या मुलावर त्या निकालाचा डाग पुढं राहू द्यायचा नाही, मुदत संपली की नोंदीही नष्ट करायच्या. मोठ्यासारखा खटला चाललेली क्रूर प्रकरणं त्याला अपवाद. म्हणजे कायद्याच्या लेखी हे पोरगं उद्या भरतीला उभं राहू शकतं. पण फोटो कोण नष्ट करणार? आता ते पहाटे पळायला जात नाही. आजी म्हणते, "अंधारात बी लोक वळखतेत म्हनतंय."

आणि टेम्पोवाला? त्याचा फोटो कुठल्याच ग्रुपवर नाही. कलम ८३ मध्ये बेकायदा कामासाठी लेकरं वापरणाऱ्या मोठ्या माणसाला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख दंड सांगितलाय. हे कलम त्या मेसेजमध्ये असतं तर मी स्वतः तो शंभर ग्रुपवर टाकला असता.

आजीला एकटीला जमेना म्हणून मंडळासमोर मी बरोबर गेलो. मनात सिनेमातलं कोर्ट होतं. साधी खोली निघाली. उंच चौथरा नाही, पिंजरा नाही, एक टेबल. न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यातली एक बाई असावीच लागते. त्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "सकाळपासून काही खाल्लंस का?" पोरगं गप्प. आजी म्हणाली, "न्हाई माय, कालपासून न्हाई." मग बिस्किटाचा पुडा आला. त्यानंतर साहेबांनी विचारलं, "बॅटरी कुणी दिली होती?" पारावर एवढी माणसं जमली होती, कुणी हे विचारलं नव्हतं.

एवढं चांगलं सांगून थांबलो तर मीही मेसेजवाल्यासारखाच अर्धवट. पहिल्या दिवशी जामीन झाला. त्यानंतर तीन वेळा तारीख पडली. एकदा एक सदस्य नव्हते, एकदा पोलिसांचे कागद नव्हते, एकदा कशामुळं ते कुणी सांगितलंच नाही. दरवेळी आजीचा खुरपणीचा रोज बुडतो, एसटीचे तास वेगळे. कायदा म्हणतो चौकशी ४ महिन्यांत संपवा, फार तर २ महिने वाढवा. बेरीज करा : सहा महिने, बरोबर एक ऊसतोडीचा हंगाम. म्हणजे चौकशी सुरू होते तेव्हा बाप फडावर जातो आणि संपायला येते तेव्हा परततो. कलम ८ म्हणतं की प्रत्येक टप्प्यावर मूल आणि पालक दोघांना समजून-उमजून सहभागी करून घ्यावं. बाप एकदाच आला, रात्रभर प्रवास करून. त्या दिवशी काम झालं नाही. घरच्या परिस्थितीच्या अहवालात मात्र "पालकांचे दुर्लक्ष" अशी ओळ आहे. ज्यांनी लिहिली ते वस्तीवर आलेच नव्हते, फोनवर विचारून लिहिलं. कोयत्याची उचल फिटेपर्यंत बापाला मुकादम सोडत नाही, हे त्या ओळीत बसत नाही.

हे एकट्या आमच्या जिल्ह्याचं रडगाणं नाही. २०२५ मध्ये इंडिया जस्टिस रिपोर्ट या न्यायव्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्या गटानं देशातल्या मंडळांची माहिती काढली, तेव्हा निम्म्याहून जास्त प्रकरणं पडून होती आणि दर चारातल्या एका मंडळात पूर्ण माणसं नव्हती. मेसेजवाल्यानं यावर आरडाओरडा केला असता तर मी त्याच्या मागं उभा राहिलो असतो. रिकाम्या जागा भरा. महिन्यातून एकदा तालुक्याला बसा. हंगामात गेलेल्या बापाला फडावरून मोबाइलवर हजर होऊ द्या, मुकादमाचा व्हिडिओ कॉल लागतो तर मंडळाचाही लागेल. अहवाल लिहिणाऱ्याला वस्तीपर्यंत जायला गाडीभाडं द्या. यात बंद करण्यासारखं काय आहे?

रात्री हे सगळं मी आक्काला फोनवर सांगितलं, एवढ्या नीट नाही, जरा आवाज चढवूनच. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आरं, त्यो केबलवाला फोटो मी बी पाठवलता की. अंगणवाडीच्या ग्रुपवर. माझ्याच हाताखाली शिकलेलं लेकरू त्ये, मला तवा वळखू बी आलं नाही." सकाळी बघितलं तर तिनं मेसेज डिलीट केला होता. फोटो मात्र जुना झालाय, तो आता तिच्या हातात नाही.

पुढची तारीख बुधवारी आहे. आजीला सहाची एसटी धरायची असते, म्हणून दुकान त्या दिवशी बंद राहील. फॉर्मवाल्यांनी गुरुवारी यावं.