सिन्योरा म्हणाली, नो!

लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आया डिंक, अळीव, खारीक, बाळंतशेपा नेतात. मीही नेलं. शिवाय अर्धा किलो गव्हले नेले. चिमटीत पीठ फिरवत वळलेले, जिऱ्याएवढे, एकासारखा एक. बॅगेच्या वजनात बसावेत म्हणून दोन साड्या काढून ठेवल्या. आमच्या भावकीत माझ्या गव्हल्यांचं नाव आहे. लग्नाच्या रुखवतात माझं ताट पुढे मांडतात, हे मी स्वतः सांगू नये, पण दुसरं कोणी सांगायला इथे नाही.

लेक असते इटलीत, अगदी दक्षिणेला, बारी नावाच्या शहरात. इटलीचा बूट डोळ्यासमोर आणला तर टाचेच्या जरा वर. सांगलीत "बारीला चाललेय" म्हटलं की लोक विचारत, "कुठली बारी? दर्शनाची?"

नव्वद दिवसांचा व्हिसा. त्यात बाळंतपण, बारसं आणि शेक-शेगडी उरकायची होती. स्वयंपाकाची परीक्षा द्यायची आहे, हे अर्जात कुठे लिहिलं नव्हतं.

परीक्षक खालच्या मजल्यावर राहत होती. घरमालकीण. वय 76, उंची माझ्या खांद्याला, आवाज एसटीच्या कंडक्टरचा. लेक तिला सिन्योरा, म्हणजे बाई, म्हणे आणि ती मला सिन्योरा म्हणे, त्यामुळे कोणीही हाक मारली की दोघी वळायचो. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला इटालियन. मधे लेक, तीही बाळाला पाजता पाजता भाषांतर करणारी.

पहिली गाठ सटवीच्या दिवशी पडली. नात 28 ऑक्टोबरला झाली. सहाव्या दिवशी पोळपाटावर कोरा कागद आणि पेन ठेवून मी पूजा मांडली होती, तेवढ्यात सिन्योरा वाडगा घेऊन दारात. आत उकडलेले गहू, डाळिंबाचे दाणे, अक्रोड, चॉकलेटचे तुकडे, आणि वरून काळसर पातळ गोड काहीतरी. चाखलं आणि म्हटलं, अगं ही तर काकवी! आणि ही तर गव्हाची खीर, नुसतं दूध घालायची विसरलीय. दोन वाट्या संपवल्या.

मग लेकीने नाव विचारलं. "ग्रानो देई मोर्ती."

"म्हणजे?"

"आई, म्हणजे... मेलेल्यांचे गहू."

2 नोव्हेंबर हा त्यांचा पितरांचा दिवस. सिन्योराचं माहेर फोज्जाकडचं, तिकडे या दिवशी हेच करतात. नातीच्या कपाळी नशीब लिहायला सटवी यायची, त्याच रात्री आमच्याकडे पितर जेवायला. मी वाडग्याला नमस्कार केला आणि तिसरी वाटी जावयाला दिली.

बारशाला मी गव्हल्यांची खीर केली, निम्मे गव्हले वापरून. सिन्योराने चमच्यातला एक गव्हला बोटावर घेतला, चष्मा कपाळावर चढवून निरखला, माझ्या हातांकडे पाहिलं. बोलली काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लाकडी पाट, पिठाची पिशवी आणि बिनधारेची सुरी घेऊन वर आली. याला भाषांतर लागत नाही. आमच्याकडेही आव्हान असंच देतात.

करायचा होता ओरेक्किएत्ते नावाचा पास्ता, म्हणजे छोटे कान. पीठ त्यांच्या कठीण गव्हाचं, दोनदा दळलेलं, पिवळसर. बोटांत धरल्याबरोबर ओळखलं, हा तर आपल्या बन्शी रव्याचा बारीक भाऊ. त्यात कोमट पाणी. बस्स. मी अंड्याची खूण केली तर सिन्योरा म्हणाली, अंडं उत्तरेकडचे घालतात. "उत्तरेकडचे" हा शब्द ती ज्या सुरात बोलली, त्या सुरात आमच्याकडे "पुण्याचे" म्हणतात.

पाणी किती घालायचं?

"क्वांतो बास्ता."

"आई, पुरेसं होईल तितकं घाल, म्हणतेय."

माझी आई जन्मभर हेच सांगत होती: अंदाजाने. इटलीत तर पाककृतींच्या पुस्तकांतसुद्धा मिठापुढे आकडा न देता या दोन शब्दांची आद्याक्षरं छापतात म्हणे. पुढे मी चोरून वजन केलं तर 400 ग्रॅम पिठाला 200 मिलिलिटर पाणी लागलं. तिला सांगितलं नाही. तिला वाईट वाटलं असतं.

पीठ पुरीच्या पिठाहून घट्ट. पाव तास मळून वाडग्याखाली झाकायचं, मग बोटाएवढी वळी करून नखाएवढे तुकडे पाडायचे. इथवर मी तिच्या पुढेच होते. मग सुरी. तुकड्यावर ती टेकवायची, दाबायचं आणि आपल्याकडे ओढायचं. पीठ सुरीवर गुंडाळत येतं. ते अंगठ्याच्या टोकावर टोपीसारखं उलटं करायचं, की आतली खरखरीत बाजू बाहेर येते आणि कान तयार. सिन्योराचा एक कान जेमतेम दोन सेकंदांत. दाब, ओढ, उलट, टाक.

माझा पहिला कान चपटा झाला, दुसरा फाटला. तिसरा बरा जमला असं मला वाटलं.

"नो!"

चौथ्याला नो. पाचव्याला नुसती मान. सहावा तिने उचलून परत गोळ्यात मिसळला. अशी वागणूक मला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षानंतर कोणी दिली नव्हती.

चुकतंय कुठे, हे लेकीने विचारून सांगितलं. मी सुरी हळुवार ओढत होते, त्यामुळे कान गुळगुळीत होत होते. खरखरीत कानावर रस्सा धरतो, गुळगुळीत कानावर काही टिकत नाही, सगळं घसरून जातं. हे मला पस्तीस वर्षांच्या संसारावरून ठाऊक होतं, फक्त पिठाला लावून पाहिलं नव्हतं.

दुपारी सिन्योराने मला बाबागाडीसकट जुन्या बारीत नेलं, आर्को बास्सो नावाच्या गल्लीत. तिथे बायका दारात टेबल मांडून दिवसभर हेच करतात. जाळीच्या चौकटींवर शेकडो कान वाळत होते. एक बाई समोरच्या खिडकीतल्या बाईशी कडाकडा भांडत होती, पाटाकडे बघतही नव्हती आणि हात चालूच. आमच्या वाड्यात पापड लाटताना असंच व्हायचं. भांडण रंगलं की पापड पातळ व्हायचे. पर्यटक त्यांचे फोटो काढत होते. मग साडी, स्वेटर आणि बूट असा माझा अवतार दिसला, तसे माझेही काढायला लागले.

संध्याकाळी ते कान शिजवायचे होते. सोबत चीमे दि रापा ही पालेभाजी, म्हणजे मोहरीच्या पाल्याची कडवट चुलत बहीण. कढईत ऑलिव्हचं तेल, लसूण, लाल मिरची. वा, फोडणी! मग तिने बरणीतले दोन खारवलेले मासे टाकले आणि चमच्याने दाबले तर ते तेलात विरघळून नाहीसेच झाले. कृष्णेचा मासा खात वाढलेली मी. मासा असा पत्ता न सोडता गेलेला पहिल्यांदाच पाहिला. मी हिंगाची डबी उघडली. सिन्योराने दोन्ही हात कढईवर आडवे धरले.

"नो! नो, नो, नो."

हळदीलाही नो. मोहरीची पुडी तिने हुंगली आणि कपाटात नेऊन ठेवली, माझ्याच घरात. म्हणजे लेकीच्या. म्हणजे तसं पाहिलं तर तिच्याच. चीजही नाही. वरून फक्त तेलात खरपूस परतलेला शिळ्या पावाचा चुरा, आपण खोबरं भुरभुरतो तसा. आणि पालेभाजी चक्क पास्त्याच्याच उकळत्या पाण्यात. माझी आई असती तर उठून गेली असती.

ताटं वाढताना सिन्योराने तिचे कान आणि माझे कान वेगळे केले. माझ्यातले पातळ होते त्यांची खळ झाली होती, जाड होते ते आत कच्चे. ती ताटली जावयापुढे सरकवली. त्यांनी मान खाली घालून सगळी संपवली आणि म्हणाले, "आई, छान झालंय." परदेशात राहूनही संस्कार टिकतात ते असे.

मधल्या एका रविवारी तिने खुनी स्पॅगेटी शिकवली. अस्सासिना, बारीचीच खासियत. कच्ची स्पॅगेटी थेट लोखंडी तव्यात घालायची, पळी पळी टोमॅटोचं पाणी सोडायचं आणि करपू द्यायची. मी सवयीने उलथनं घातलं तर मनगट धरलं. बायकांनी आयुष्य घालवलं करपू नये म्हणून, आणि इथे करपलं की टाळ्या. अर्थात खरवडीसाठी भांडणाऱ्या घरातली मी. खालचा काळा कुरकुरीत भाग खाल्ला आणि गप्प बसले.

डिसेंबरच्या 8 तारखेला, मेरीमातेच्या सणाला, नाताळच्या कार्तेल्लाते करायला घेतल्या. तिने ड्रॉवरमधून पितळी चाक काढलं आणि मी ओरडलेच. कातण! आमचं करंजीचं कातण, दातेसुद्धा तसेच. जीव भांड्यात पडला. पुढच्या क्षणी तिने मैद्यात तेल घातलं आणि कोमट केलेली पांढरी वाईन ओतली. सासूबाई माळकरी होत्या आमच्या. मी हात मागे घेतला. जावई म्हणाले, "आई, तळताना अल्कोहोल उडून जातं. वाईनने खुसखुशीतपणा येतो फक्त." जावयांना हे इतकं नेमकं कसं माहीत, हा प्रश्न मी तूर्त बाजूला ठेवला.

पातळ पोळी लाटायची, कातणाने लांब पट्ट्या कापायच्या, पट्टी उभी दुमडून दर दोन बोटांवर चिमटा घ्यायचा म्हणजे खिसे तयार होतात. मग ती गुंडाळून गुलाब करायचा. रात्रभर सुकवायचा. घरभर गुलाब झाले, सोफ्याच्या पाठीवरसुद्धा. जावई उभ्यानेच जेवले.

सकाळी तेलात माझे पहिले चार गुलाब उलगडून शेवयांसारखे पसरले. सिन्योराने तोंड उघडलं. ती बोलायच्या आत मी पाचवा घेतला आणि चिमट्यांच्या जागी करंजीची मुरड घातली, नखाने, दाबून. तेलात सोडला. सुटला नाही. सहावाही नाही. सिन्योराने चष्मा वर केला, गुलाब झाऱ्यावर घेऊन उलटासुलटा पाहिला आणि ठेवून दिला. नो म्हणाली नाही. आमच्या दोघींत याला कौतुक म्हणायचं ठरलं होतं.

वरून विनकोत्तो, पितरांच्या गव्हावरची तीच काकवी. आपल्या काकवीहून फरक इतकाच की तिची अंजिरं तासन् तास आटवून केलेली. कोल्हापूरकडचं गुऱ्हाळ मी खाणाखुणांनी समजावलं: बैल, चरक, कढई. ती हसून हसून खुर्चीत बसली. तिला काय समजलं देव जाणे.

निघायला आठवडा राहिला होता. उरलेले गव्हले मी बरणीत भरून ठेवले होते, नातीच्या उष्टावणाला. लेकीला तसं बजावलंही होतं. बाबागाडी फिरवून आले तर जिन्यातच कोंबडीच्या रश्श्याचा वास. आमच्या शेगडीपाशी सिन्योरा. ओट्यावर बरणी. रिकामी.

"पास्तीना!" ती आनंदाने म्हणाली आणि पळीभर वर उचलून दाखवलं. माझे गव्हले, एकासारखा एक, टम्म फुगून कोंबडीच्या रश्श्यात पोहत होते.

"नो!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की नात जागी झाली.

लेक म्हणाली, "अगं आई, इथे बाळंतिणीला, लहान मुलांना असंच सूप देतात. बारीक पास्ता घालून. फार भारी लागतंय गं." तिने दोन वाडगे घेतले. मी पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी सिन्योराने सकाळीच परात भरून ओरेक्किएत्ते वर पाठवले, खरखरीत, निर्दोष. मी कपाटातून मोहरी शोधून काढली. तेल तापवलं. मोहरी, हिंग, हळद, वर दोन चमचे कांदा-लसूण चटणी. आणि स्वयंपाकघराची खिडकी, जी थेट तिच्या खिडकीवर येते, सताड उघडी ठेवली.