आकडा मुरू द्यावा

अभिनंदन! पर्यावरणाच्या खात्यात चिकटलात आणि पहिल्याच आठवड्यात साहेबांनी फर्मावलं, 'माहिती अद्ययावत ठेवा, वर धोरण ठरायचंय.' घाबरू नका. आपल्या बडोद्यात लोणचंसुद्धा घातल्या दिवशी कोणी वाढत नाही. आकडाही जरा मुरू द्यावा.

अद्ययावत करणं म्हणजे पहिल्या पानावरची तारीख बदलणं. आतले तक्ते सोवळ्यातले, त्यांना शिवायचं नाही. विश्वामित्री नदीच्या पाण्याचा एखादा नमुना कधीकाळी बरा निघाला असेल, तर तोच जपून ठेवा. स्थळाकडे पाठवायचा फोटो कोणी कालचा पाठवतं का?

नियमही तुमच्याच बाजूचे. कारखान्यांनी ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचं पर्यावरण विवरणपत्र ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचं असतं. म्हणजे बाळ जन्मतःच सहा महिन्यांचं! तुम्ही ते फाइलीत घालून आणखी वर्षभर झोपवलंत, तर कोण उठवायला येणार? नंदेसरीच्या कारखान्यांकडून वारा सुटला की नाकाला जे कळतं ते नाकापुरतंच ठेवा. नाकाला जावक क्रमांक नसतो.

हवेचं तर आणखी सोपं. हाताने नमुने घेणाऱ्या केंद्रावर आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षाला १०४ वेळा मोजलं की झालं. उरलेले २६१ दिवस हवा रामभरोसे. स्वयंचलित यंत्र मात्र चोंबडं, रात्रंदिवस बोलत राहतं. पण चोवीसांपैकी किमान १६ तासांची नोंद नसेल, तर त्या दिवसाचा हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांकच काढता येत नाही. तेव्हा यंत्राची वीज गेली की आधी निवांत सेव-उसळ खाऊन या, मग वायरमनला फोन करा. आकडाच नाही, तर वाईट कुठून असेल? चालशे!

वरून फारच तगादा आला तर 'तपशील संबंधितांकडून मागवण्यात आला आहे' असं कळवा. हे वाक्य कधी शिळं होत नाही. तरीही काही पाठवावंच लागलं, तर एक्सेल चुकूनही नको. त्यातल्या बेरजा तपासता येतात. कागद छापा, शिक्का मारा, किंचित तिरका स्कॅन करा आणि पीडीएफ धाडा. ३ आहे की ८, यावर बैठकीचा अर्धा तास आरामात निघतो.

अडचण एकच, ती नदीची. ती वार्षिक अहवालासाठी थांबत नाही. काळाघोड्याच्या पुलाशी धोक्याची पातळी २६ फूट; ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं आणि मगरी आवक-जावक न करता थेट वस्तीत शिरल्या. आमच्या शेजारच्या काकूंच्या भिंतीवर त्या पाण्याची रेघ अजून आहे, कंबरेएवढी. नातीने शेजारी पेन्सिलीने तारीखही घातली आहे.

काकूंना म्हणावं, दिवाळीआधी भिंत रंगवून घ्या. रंगाच्या डब्याचे पैसे आपल्या 'माहिती अद्ययावतीकरण' या खर्चात टाकू.