चाल काय आकाशातून पडली?

शनिवारी पुन्हा तेच. जुन्या गाण्यांचा कार्यक्रम, चारशेचं तिकीट, निवेदकाच्या अंगात नवंकोरं जाकीट. "आता ऐकूया, लतादीदींचं ‘लग जा गले’!" झालं. दीदींवर पाच मिनिटं, नायिकेच्या केसांच्या साधना कटवर चार. आणि चाल बांधणारे मदन मोहन? ते काय रेकॉर्डिंगला चहा द्यायला आले होते?

मग ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’. म्हणे, "शांतारामबापूंचं अजरामर गाणं!" अहो, बापू सिनेमाचे दिग्दर्शक, चाल वसंत देसाईंची! १९५७ पासून पोरं शाळेशाळेत हात जोडून ती म्हणतायत. संगीतकार विचारा, सगळे छताकडे बघतात.

पण माझं डोकं फिरलं ते मध्यंतरात. शेजारचे काका बटाटेवडा चावत म्हणाले, "‘आधी बीज एकले’! काय अभंग लिहिलाय तुकोबांनी!"

नाही हो काका, तुकोबांनी नाही! १९३६ च्या ‘संत तुकाराम’ सिनेमासाठी शांताराम आठवल्यांनी लिहिला, केशवराव भोळ्यांनी चाल बांधली. अस्सल वाटला म्हणून दोघांचीही नावं पुसायची? आणि हे घडलं कुठे? इथेच, पुण्यात, प्रभात फिल्म कंपनीत. काका राहतात कुठे? प्रभात रोडला! गल्ली नंबर तोंडपाठ, भोळे मात्र ठाऊक नाहीत.

काकांनी बोटं पुसली. "भोळे म्हणजे... गायिका ज्योत्स्नाबाईंचे मिस्टर ना?"

वडा तसाच टाकून आत गेलो. निवेदक माईक ठोकत होता, "आता आशाताईंचं एक गाणं..."