तिचं नाव रुफैदा आहे

आज संध्याकाळपासून डोकं तापलंय म्हणून लिहायला बसले. लेकीच्या शाळेत बक्षीस समारंभ होता. निबंधात तिचा पहिला नंबर. निवेदकानं माइकवरून पुकारलं, "फरिदा!" कोणी उठेना. मग "रफिदा!" मग कागद डोळ्यांजवळ नेऊन तो माइकवरच म्हणाला, "काय हो हे, नाव जरा सोपं ठेवायचं की!" सगळं सभागृह हसलं. पोर स्टेजवर गेली, बक्षीस घेतलं आणि खाली मान घालून जागेवर येऊन बसली.

रु, फै, दा. तीन अक्षरं आहेत. एकही जोडाक्षर नाही. परदेशी क्रिकेटपटूंची हातभर लांब नावं आडनावासकट ज्यांच्या तोंडात खेळतात, त्यांना ही तीन अक्षरं जड होतात? आधी एकदा कागद वाचून घ्यायला काय जात होतं? पण नाव मुलीचं, त्यात आमच्यातलं, मग चुकलं तरी चालतंय.

हे मी एक वेळ गिळलं असतं. पुढचं नाही गिळता आलं. चहाच्या वेळी आमच्याच नात्यातल्या एक बाई जवळ आल्या. म्हणाल्या, "बघ, आम्ही तेव्हाच सांगत होतो. आयरा, इनाया, अलिझा, किती गोड गोड नावं निघालीत. रुफैदा कोण ठेवतंय आता? दुसरी एक तरी ऐकलीस का?"

नाही ऐकली. आमच्या भागात मला दुसरी रुफैदा ठाऊक नाही. अरब देशांतसुद्धा फातिमा, मरियम, आयेशा यांच्यापुढं हे नाव विरळच. पण ते विरळ का, हा प्रश्न त्या बाईंना पडत नाही आणि मला तो माझ्या शाळकरी वयापासून पडलाय.

अम्मी तेव्हा कराड तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर नर्स होती. मी सातवी-आठवीत असेन. गुऱ्हाळांचे दिवस होते. रात्री उशिरा दार वाजलं. चरकात हात सापडलेल्या एका माणसाला घेऊन चौघं दारात उभे. डॉक्टर गावात नव्हते, जीप यायला वेळ होता. अम्मीनं दोरीवरची धुतलेली चादर टराटरा फाडली, घड्या घातल्या, जखमेवर दाबून बांधल्या. आणि जीप येईपर्यंत त्या माणसाचा हात वर धरून ओट्यावर बसून राहिली. कंदील माझ्या हातात होता, म्हणून सगळं आठवतंय.

त्यानंतर जमातीतले काही बुजुर्ग घरी आले. चहा झाला, मग विषय निघाला. बाईमाणसानं रात्री-अपरात्री परक्या मरदाचा हात धरून बसणं शोभतं का? लोक काय म्हणतील? अब्बा गप्प. अम्मी आतल्या दाराशी उभी. नाना, म्हणजे अम्मीचे वडील, त्या वेळी आमच्याकडे आले होते. उर्दू शाळेतले मास्तर, आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "मस्जिद-ए-नबवीत, मदिनेतल्या पैगंबरसाहेबांच्या मस्जिदीत, जखमींचा तंबू कुणाचा होता, ठाऊक आहे का?"

कुणालाच ठाऊक नव्हतं. मग नानांनी सांगितलं. इसवी सन ६२७, खंदकाची लढाई. मदिनेला वेढा पडलेला. औस कबिल्याचे सरदार हजरत साद बिन मुआझ यांच्या हाताच्या शिरेत बाण घुसला. त्यांना कुठं न्यायचं? पैगंबरसाहेबांनी सांगितलं, रुफैदाच्या तंबूत ठेवा, म्हणजे मला जवळून विचारपूस करता येईल. असलम कबिल्याची ही बाई, जखमींची देखभाल करणारी. पैगंबरसाहेब सकाळ-संध्याकाळ तिथून जाताना सादना हाल विचारायचे. साद त्या जखमेतून अखेर वाचले नाहीत. पण सांभाळायला सोपवलं ते एका बाईच्या हाती, आणि तेही मस्जिदीत. "मग माझ्या लेकीनं असं काय वेगळं केलं?" नाना म्हणाले. बुजुर्ग उठले. पुन्हा तो विषय घेऊन आमच्या घरी कोणी आलं नाही.

माझ्या मुलीचं नाव तिथून आलंय. नावांच्या कुठल्या यादीतून नाही, फॅशनमधून नाही.

आणि अर्थ विचारणाऱ्यांसाठी, कारण "याचा मीनिंग काय?" हेही आज तिघा-चौघांनी विचारलं. अरबीत रिफ्द म्हणजे आधार, मदत, देणगी. रुफैदा हे त्याचं लाडकं, छोटं रूप, जसं हसनवरून हुसैन. मक्केत येणाऱ्या यात्रेकरूंना जेवू घालायची जबाबदारी कुरैश कबिल्याकडे होती, तिला रिफादा म्हणत. मोठ्या नदीला येऊन मिळणारी, तिला पाणी पुरवणारी नदी म्हणजे राफिद. इराकला अरब लोक आजही बिलाद अर-राफिदैन म्हणतात, तैग्रिस आणि युफ्रेटिस या दोन नद्यांचा देश. आणि जखमेवर बांधायच्या फडक्यालाही रिफादाच म्हणतात. हे शेवटचं मला फार नंतर कळलं. मला ती चादर आठवली आणि मी बराच वेळ रडले.

तर इतका सुंदर अर्थ, इतका मोठा मान, मग नाव विरळ का? मला विचाराल तर उत्तर सरळ आहे. पैगंबरसाहेबांच्या घरातल्या खदिजा, फातिमा, आयेशा यांची नावं घरोघरी आहेत आणि असायलाच हवीत. पण जिनं रक्त-पू धुतलं, तिचं नाव लेकीला द्यायला आपण कचरतो, कारण नर्सच्या कामाला आपण मनातून कमीच समजतो. मुलगी नर्स आहे म्हटलं की स्थळ घेऊन आलेले पहिलं काय विचारतात? "नाइट ड्युटी असते का?" २२ मार्च २०२० ला याच लोकांनी गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या होत्या. नंतर त्यातल्या किती घरांनी नर्स सून आनंदानं आणली?

आणि हे फक्त आमच्यात आहे असं कोणी समजू नका. सावित्रीबाई १८९७ मध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेल्या. ३ जानेवारीला आपण सगळे त्यांचा फोटो लावतो, शाळेसाठी लावतो, ते बरोबरच आहे. पण प्लेग झालेलं पोर पाठीवर घेऊन दवाखान्याकडे निघालेल्या सावित्रीबाई किती जणांना आठवतात? शिकवणारी बाई आपल्याला चालते. मळलेल्या हातांची बाई आपण विसरतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल शाळेच्या पुस्तकात असतात. क्रिमियन युद्धात त्या १८५४ साली इस्तंबूलजवळच्या स्कुटारीला गेल्या, त्यांचं काम थोरच आहे, त्यातलं काडीभरही मला कमी करायचं नाही. पण बाराशे वर्षांहून आधी मदिनेत एक तंबू होता, हे किमान आमच्या पोरांना तरी माहीत असावं की नको? दिल्लीच्या जामिया हमदर्दमधल्या नर्सिंग कॉलेजचं नाव रुफैदा कॉलेज आहे. बहरैनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या विद्यापीठात नर्सिंगच्या विद्यार्थ्याला रुफैदांच्याच नावानं बक्षीस देतात. म्हणजे इमारतीला हे नाव चालतं, बक्षिसाला चालतं. फक्त पाळण्यातल्या मुलीला चालत नाही!

हो, जुन्या ग्रंथांत रुफैदांविषयी फार थोडं लिहिलेलं आहे, आणि नंतरच्यांनी त्यावर पुष्कळ चढवलंय, हे मान्य. आणि हो, त्रासही होतो. आधार कार्डावर एक, दाखल्यावर दुसरंच, दुरुस्तीसाठी खेटे घालावे लागलेत. होऊ दे. अम्मीनं त्या रात्रीनंतर आयुष्यभर जे ऐकून घेतलं, त्यापुढं हे काहीच नाही.

आत्ता लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. त्या निवेदकाला मी उद्या भेटणार आहे. भांडायला नाही. त्याला शांतपणे नाव सांगेन, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देईन आणि पुढच्या कार्यक्रमात नीट म्हणा असं सांगेन. तोही कुणाचा तरी बाप असेल, समजेल त्याला. त्या नात्यातल्या बाईंना मात्र समजावण्यात माझा वेळ मी घालवणार नाही. त्यांच्या धाकट्या मुलीची बाळंतपणं अम्मीनंच केली आहेत. हे त्यांना आठवायला हवं होतं.

लेक घरी आल्यावर मला म्हणाली, "अम्मी, वर्गात मी रूफी सांगू का?" मी म्हटलं, मैत्रिणी लाडानं म्हणू देत की, का नको. पण हजेरीत, निबंधाच्या वहीत, बक्षिसाच्या पाटीवर पूर्ण नाव. तिनं "बरं" म्हटलं आणि जेवायला बसली. नानीची गोष्ट तिला पाठ आहे. कंदील कुणाच्या हातात होता हेही तीच सगळ्यांना सांगते.

आणखी एक. माझ्या भाचीला पुढच्या महिन्यात बाळ होणार आहे. मुलगी झाली तर नुसैबा ठेवायचं तिच्या मनात आहे. उहुदच्या लढाईत पैगंबरसाहेबांच्या आड उभं राहून वार झेलणाऱ्या नुसैबा बिन्त काब, त्यांच्यावरून. घरात आतापासून कुरकुर सुरू झालीय, "हे कसलं नाव, कोणी ठेवत नाही," वगैरे. ही पोस्ट नात्यातले बरेच जण वाचतात म्हणून इथंच लिहिते. नाव ठेवायचा हक्क तिचा आणि तिच्या नवऱ्याचा आहे. ज्यांना काही बोलायचं असेल त्यांनी बाळंतिणीला फोन करू नये, मला करावा. मी उचलेन.