रिकाम्या माळाची निगा

तुम्हाला वन्यजीव व्यवस्थापनातले तज्ज्ञ व्हायचंय असं कानावर आलं. छान. हिंजवडीतली नोकरी सोडून कोणी कॅफे काढतं, कोणी मुळशीत जागा घेऊन देशी गायी पाळतं. त्या मानाने तुमचं खूळ स्वस्तातलं आहे. मी हे काम पुण्यात राहून, अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर, बरीच वर्षं करतोय. त्यामुळे चार गोष्टी सांगायचा मला अधिकार आहे. नसता तरी सांगितल्याच असत्या, पुण्यात राहतो.

सगळ्यात आधी मनाशी पक्कं करा, की माळावरच्या अभयारण्यात काहीही नसतं. ताडोबात वाघ असतो. भीमाशंकरला शेकरू असतं, आणि ते नाही दिसलं तरी ज्योतिर्लिंग कुठे जात नाही. माळावर काय? बारामती तालुक्यातलं सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य घ्या. १९९७ साली चिंकारा हरणांसाठी जाहीर झालेलं, जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं. मोरगावचा गणपती करून लोक 'जंगल' बघायला म्हणून गाडी वळवतात आणि आत आल्यावर जंगल कुठे सुरू होतं ते विचारतात. गुडघाभर गवत, मधूनच एखादी बाभूळ, वर आभाळ. संपलं.

मी जिथे काम करतो त्या अभयारण्याचं नाव लिहीत नाही, नवी ऑर्डर अजून निघायची आहे. पण चित्र तेच. मागच्या हिवाळ्यात एक कुटुंब आलं होतं. आजोबा, आई-वडील, दोन मुलं आणि वेफर्स. पंधरा मिनिटं गवताकडे बघून झाल्यावर वडिलांनी आमच्या वनमजूर मामांना विचारलं, "काका, इथे काही आहे का, की हे असंच?"

"हाय की," मामा म्हणाले. "मगापासनं तुमच्याकडंच बघतंय."

सगळे गर्रकन वळले. गवत. जरा वेळाने गवतातूनच कोणीतरी शिंकल्यासारखा आवाज आला. आईंनी धाकट्याला स्वेटर घातला.

चिंकारा घाबरला की नाकातून तसाच आवाज काढतो आणि खूर आपटतो. वीस-पंचवीस किलोचा जीव, रंग वाळल्या गवताचा. उभा असला की गवत, पळाला की धूळ. काळी शेपटी सारखी टकटक हलते म्हणून निदान तेवढी तरी दिसते. त्याच्या लेंड्यांचा ढीग मात्र ठरलेल्या जागी असतो, पुन्हा पुन्हा तिथेच. पर्यटकांना खात्रीने दाखवता येईल अशी आमच्याकडे एवढी एकच गोष्ट. मी ती दाखवतो. अजून कोणी सेल्फी काढलेला नाही.

आता कागद. अभयारण्याला दहा वर्षांचा व्यवस्थापन आराखडा लागतो आणि तो तुम्हाला लिहायचाय. घाबरू नका, सगळे लिहितात तसाच लिहायचा, म्हणजे दुसऱ्याचा उघडून. माझ्या पहिल्या आराखड्यात मी घाट माथ्यावरच्या कुठल्याशा जंगलाचं प्रकरण तात्पुरतं म्हणून चिकटवलं आणि विसरलो. त्यामुळे आमच्या माळावर, जिथे दातकोरणीएवढाही बांबू उगवत नाही, तिथे 'गव्यांच्या कळपांसाठी बांबू क्षेत्राचे संवर्धन' करण्याचं ठरलं. लाजेने मला दोन बैठका झोप लागली नाही. तिसऱ्या बैठकीत एक वरिष्ठ ते पान उघडून थांबले. मी डोळे मिटले. ते म्हणाले, "बांबूसाठी तरतूद कमी वाटते."

हद्द आखायची वेळ आली तर सढळ हाताने आखा. १९७९ साली सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य आखलं, ८,४९६ चौरस किलोमीटर. शेतं, गावं, रस्ते, बाजार, सगळं आत. माळढोकाने एवढं मागितलं नव्हतं, पण जमिनीचे व्यवहार अडले की शिव्या त्यालाच. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर लोकांच्या मनात त्या पक्ष्याबद्दल काय भरायचं ते भरून झालं होतं. आता त्याच अभयारण्यातल्या, सोलापूरजवळच्या नान्नजला एखादा माळढोक दिसला तर त्याची बातमी होते.

परवानग्यांचं खातं तुमच्याकडे आलं तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ पाठ करून ठेवा, कारण अर्जदाराने तो केलेला असणार, तो पुण्याचा असतो. दिवाळीनंतर गवत सोनेरी झालं की प्री-वेडिंगवाले येतात. मी एका मुलाला सांगितलं, अभयारण्यात शिरायचं तर कारण लागतं. तो शांतपणे म्हणाला, "कलम २८. छायाचित्रण. दिलेलं आहे सर." दिलेलं आहे खरं. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तेव्हा फोटोसाठी सोडायच्या रंगीत धुराच्या नळकांड्या नसाव्यात. मी अर्ज वर पाठवला, कारण वर पाठवलेला अर्ज लग्नाच्या आत खाली येत नाही. पण हे लोक वाट बघत बसत नाहीत. हद्दीला लागून कोणाचं तरी पडीक रान असतं, तिथे त्यांनी उरकून घेतलं. नवरी बिचारी तासभर बांधावर बसून घागऱ्यातली कुसळं काढत होती. काढून आमच्याच बाजूला टाकत होती. माझ्या कारकिर्दीतला गवताच्या बियाण्याचा तेवढा एकच प्रसार कार्यक्रम, जो वेळेत आणि विनाअनुदान पार पडला.

कुत्र्यांचा विषय काढू नका. चिंकाऱ्याच्या मागे लागतं ते बहुतेक वेळा मोकाट कुत्र्यांचं टोळकं, हे तुम्हाला कळेल. कळल्यावर गिळून टाका. विशेषतः कोथरूडातल्या आपल्या इमारतीत बोलू नका, कारण खालच्या मजल्यावरच्या काकू रोज रात्री नऊला पार्किंगमध्ये अकरा कुत्र्यांना चिकन-भात घालतात आणि तुमची बदनामी व्हायला एक व्हॉट्सअॅप ग्रुप पुरतो. माळावर लांडगाही आहे, तो धनगराच्या मेंढ्या नेतो आणि धनगर त्याला शिव्या देत का होईना ओळखून असतो. आता पुण्याजवळच्या माळावर लांडगा आणि कुत्र्याचा संकर झालेला प्राणी जनुकीय तपासणीत सिद्ध झालाय. पिढ्यान्‌पिढ्या लांडगा ओळखणाऱ्या माणसाने आता समोरचं जनावर बघून काय म्हणायचं, हे माझ्या आराखड्यात नाही.

रानातलं जनावर शहरात शिरलं की तुमचा फोन वाजेल. अशा वेळी काय करू नये हे पुण्याला कोणी शिकवायला नको. ९ डिसेंबर २०२० ला कोथरूडमध्ये रानगवा आला. लोक गच्चीत, कठड्यांवर, गाड्यांच्या टपांवर. तो गल्ल्यांतून पळत राहिला, धडकत राहिला, शेवटी भूल देऊन पकडला आणि त्याच दिवशी मेला. संध्याकाळी सगळं शहर हळहळलं. हळहळताना प्रत्येकाकडे स्वतः काढलेला व्हिडिओ होता. त्याच महिन्यात बावधनच्या बाजूला दुसरा गवा दिसला. गर्दी लांब ठेवली, रानाकडची वाट मोकळी सोडली, तो निघून गेला. हा दुसरा गवा फार कोणाला आठवत नाही. त्याने काही करूच दिलं नाही.

असो. मुख्य काम राहिलं. झाडं.

माळ रिकामा दिसतो, आणि रिकामी जागा दिसली की आपल्या लोकांना दोनच गोष्टी सुचतात, प्लॉट पाडणं नाही तर झाडं लावणं. पहिल्याला कायदा आडवा येतो. दुसऱ्याला तुम्ही आडवे आलात तर तुम्ही पर्यावरणाचे शत्रू. तज्ज्ञ म्हणून तुमची अडचण अशी, की चिंकारा, लांडगा, आणि माळटिटवी, धाविक, चंडोल हे पक्षी, या सगळ्यांना झाडं नकोत, गवत हवंय, आणि हे वाक्य मराठीत कितीही सोपं करून सांगितलं तरी समोरचा म्हणतो, "बरोबर आहे, पण थोडी लावायला काय हरकत आहे?" बोलून काही होत नाही, मी बोलून पाहिलंय. पुण्याच्या टेकड्यांवर एकेकाळी गिरिपुष्प म्हणजे उंदीरमारी भरमसाट लावून ठेवलीय. मूळची मध्य अमेरिकेकडची, फांदी खोचली तरी जगते, आणि जगली की आपल्या गवताला जगू देत नाही. मार्चच्या सुमारास तिला गुलाबी फुलं येतात. तेव्हा लोक वेताळ टेकडीवर उभे राहून म्हणतात, अगदी जपान!

आमच्याकडे एका कंपनीला झाडं लावायची होती. हद्दीला लागूनच्या माळावर अडीच हजार. देशी झाडंच लावणार, असं त्यांनी मला दिलासा देत सांगितलं. वड आणि पिंपळ. ज्या जमिनीत मुरमाच्या वर वीतभर माती नाही तिथे वड.

झाडं जूनमध्ये लागतात, म्हणजे खड्डे मे महिन्यात. ठेकेदाराच्या माणसांनी फक्कीच्या रेघा मारल्या आणि खणत निघाले. अकराच्या सुमारास मामांनी हात वर केला. दोन रेघा जिथे एकमेकींना कापत होत्या, तिथे बरोबर फुलीवर, माळटिटवीची चार अंडी होती. घरटं म्हणावं असं काही नाही. चार खडे इकडे-तिकडे सरकवलेले आणि मध्ये ही मातकट, काळे ठिपके असलेली अंडी, टोकं आत करून नीट मांडलेली. मला ती मामांनी काठीने दाखवल्यावरही लगेच दिसली नाहीत, आणि मी तज्ज्ञ आहे. एका अंड्यावर फक्की उडाली होती.

टिटवी वर ओरडत घिरट्या घालत होती. आम्ही बाजूला झाल्यावर ती उडून गेली, आणि मला वाटलं सोडून दिलं तिने. थोड्या वेळाने परत आली, चालत अंड्यांपाशी गेली, अंगावर घेऊन बसली. उठली तेव्हा खालची माती ओली होती. पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि अंडी गार करते. मे महिन्याच्या दुपारी, टँकरशिवाय.

मामांनी चारही बाजूंनी दगड मांडले आणि ठेकेदाराच्या पोराला म्हणाले, "ह्यो सोडायचा." पोराने सोडला.

इथे माझी चूक झाली, ती तुम्ही करू नका. मी मोजमाप पुस्तिकेत खरा आकडा लिहिला, २,४९९.

मंजूर खड्डे २,५००, खोदलेले २,४९९. फाईल परत आली. तफावतीचा खुलासा करावा. मी लिहिलं, पक्ष्याची अंडी होती. पुन्हा परत आली. अंडी असल्याचा पंचनामा जोडावा. पंचनामा करायला गेलो तोवर पिल्लं बाहेर पडून चालायला लागली होती. माळटिटवीची पिल्लं अंड्यातून निघाली की लगेच पायांवर असतात, सरकारी वेगाशी त्यांचं जमत नाही. जागेवर टरफलाचे दोन तुकडे मिळाले, ते कागदाच्या पुडीत घालून फाईलला टाचले.

जूनमध्ये कार्यक्रम झाला. मांडव, पाण्याच्या बाटल्या, हिरवे टी-शर्ट. चारशे माणसं दोन तासांत झाडं लावून जेवायला सासवडला गेली. पुढच्या वर्षी मी फिरून मोजलं तेव्हा जिवंत रोपं किती होती तो आकडा इथे देत नाही, 'जगण्याचे प्रमाण' या रकान्यात वेगळा दिलेला आहे. खड्ड्यांत मात्र गवत चांगलं आलंय. एका खड्ड्याच्या काठाला चिंकाऱ्यांनी लेंड्यांचा नवा ढीग सुरू केलाय.

फाईल अजून चालू आहे. टरफलं मिळाल्याची पोच आली, आणि तिच्याखाली नवीन विचारणा. 'आता सदर जागी अंडी नसल्याने उर्वरित १ खड्डा खोदण्याची कार्यवाही केव्हा पूर्ण करणार, ते उलट टपाली कळवावे.'

असं पत्र आलं तर उलट टपाली काही कळवू नका. मी मामांना फोन लावला. ते म्हणाले, "थांबा, बघून सांगतो," आणि मग बराच वेळ फोनवर नुसता वारा ऐकू येत होता. "न्हाई जमायचं," ते शेवटी हळू आवाजात म्हणाले. "बाई परत बसल्यात."