"पॉझिटिव्ह बाईचं सरळ ऑपरेशनच करा" या मेसेजला उत्तर

चार जणांकडून एकच मेसेज आला म्हणून लिहायला बसले. त्यात म्हटलंय की एचआयव्ही असलेल्या बाईने मूल होऊच देऊ नये कारण तेही पॉझिटिव्हच होणार, कंडोम असला की बास, मूल होऊ न देण्याची बाकीची साधनं एचआयव्हीच्या गोळ्यांपुढे चालत नाहीत, तरी ज्यांना दिवस जातात त्या अडाणी आणि रूढीत अडकलेल्या, आणि त्यांचं सरळ मूल बंद करायचं ऑपरेशन करून टाकावं.

मूल पॉझिटिव्हच होणार हे साफ चूक आहे. काहीच उपचार नसतील तेव्हा बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं, उपचार नीट चालू असले की ते ५ टक्क्यांच्या खाली येतं, आणि दिवस जायच्या आधीपासून व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबलेला असेल तर १ टक्क्याहूनही कमी.

कंडोम हवाच, पण तेवढ्यावर भागत नाही. एरवी लोक जसा वापरतात तसा वापरला तर वर्षभरात १०० पैकी साधारण १३ जणींना दिवस राहतात. आणि तो लावायचा कोणी? नवऱ्याने. घरात आजाराचं सांगितलेलं नसताना अचानक कंडोमचा विषय काढला की पहिला प्रश्न येतो, "का गं, माझ्यावर संशय आहे का तूच काही लपवतेयस?" एक जण मला म्हणाली होती, ताई, कंडोम मागणं म्हणजे रिपोर्ट हातात देण्यासारखंच आहे. त्यावर मला काही बोलता आलं नाही.

साधनं चालत नाहीत, हे अर्धवट खरंय म्हणून जास्त घातक. एचआयव्हीची एफाव्हिरेन्झ ही गोळी चालू असेल तर दंडात बसवायच्या गर्भनिरोधक कांडीचा असर कमी होतो, टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर गर्भनिरोधक गोळ्यांचा होतो. पण तांबीत हार्मोनच नसतात, तिला या गोळ्यांनी काही होत नाही, तीन महिन्यांचं गर्भनिरोधक इंजेक्शन एफाव्हिरेन्झबरोबरही काम करतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ पासून पहिली पसंती दिलेलं एचआयव्हीचं औषध डोल्युटेग्राव्हिर यातल्या कशाच्याच आड येत नाही.

आता अडाणीपणाचं, ज्याचा मला सगळ्यात राग आला. जी बाई एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या, गोळ्या डबीतून काढून कागदात गुंडाळते, का तर डबी वाजली की सासू विचारेल कसल्या गोळ्या, ती बाई प्रत्येक साधन याच नजरेने बघणार ना? रोजची गोळी म्हणजे लपवायला अजून एक पाकीट. कांडी दंडावर हात फिरला की लागते. इंजेक्शन कोणाला दिसत नाही म्हणून बऱ्याच जणींना तेच बरं वाटतं, पण त्याने पाळी पुढे-मागे होते किंवा थांबतेच, आणि ज्या घरात तिच्या पाळीच्या तारखांवर लक्ष असतं तिथे लगेच चौकशी सुरू. तांबीने अंगावरून जास्त जातं म्हणून तिथेही तेच. बरं, हे सगळं जमवून मूल होऊ दिलं नाही तर लोक विचारणार की लग्नाला इतकी वर्षं झाली मग का नाही, म्हणजे मूल नसणं हाच संशय, आणि कडेवर मूल असलं की कोणी काही विचारत नाही. घरच्यांचा दबाव आहेच, मी नाही म्हणत नाही, पण त्या दबावात ती रोज हिशोब करून मार्ग काढतेय, याला अडाणीपणा म्हणू नका.

राहिलं ऑपरेशन. तिने स्वतः समजून उमजून मागितलं तर जरूर करा. पण "करून टाका" म्हणजे काय होतं ते बघा. चिलीमध्ये २००२ साली एका पॉझिटिव्ह बाईचं सिझेरियन चालू असतानाच तिला न विचारता ऑपरेशन उरकलं, राष्ट्राध्यक्षांनी जाहीर माफी मागितली ती २०२२ मध्ये. आणि "सही तर घेतात ना" म्हणणाऱ्यांसाठी नामिबियाची केस आहे, तिथल्या तीन पॉझिटिव्ह बायकांच्या ऑपरेशनसाठी सह्या होत्या, पण कळा चालू असताना घेतलेल्या, आणि ती संमती धरता येणार नाही असं २०१२ ला हायकोर्टाने आणि २०१४ ला सुप्रीम कोर्टानेही सांगितलं.